हौदा आणि तळे : कोल्हापूरच्या दोन मैदानांचा इतिहास

भवानी मंडपाकडून मिरजकर तिकटीच्या दिशेने चालत निघाले की पाच-दहा मिनिटांत खासबाग मैदान लागते. रस्त्यावरून त्याची भव्यता कळत नाही. उंच मनोरे नाहीत, कमानींच्या रांगा नाहीत. आत पाऊल टाकल्यावर मात्र जमीन चहूबाजूंनी गोलाकार उतरत मधल्या हौद्याकडे, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याकडे, गेलेली दिसते आणि इतका मोठा अवकाश या दाट वस्तीत कुठे दडला होता असा प्रश्न पडतो. 1912 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी हे मैदान पुरे केले. त्याच्यापासून थोड्याच अंतरावर, एका जुन्या तळ्याच्या जागी, शाहू स्टेडियम आहे. तिथे कोल्हापूरचा फुटबॉल खेळला जातो. एक मैदान मल्लांचे, दुसरे फुटबॉलपटूंचे. पण दोघांचे मूळ एकाच ठिकाणी, पेठेपेठेतल्या तालमीत आहे.

करवीरची गादी आधी पन्हाळ्यावर होती. अठराव्या शतकाच्या आरंभी महाराणी ताराबाईंनी पन्हाळा ही राजधानी केली, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात दरबार खाली कोल्हापुरात आला. दरबार आला तसे सरदार, शिलेदार, कारखानदार आणि त्यांच्यावर पोट असणारी माणसेही आली. अंबाबाईच्या देवळाभोवतीचे तीर्थक्षेत्र पेठांचे शहर बनत गेले. 1844 मध्ये पन्हाळ्याच्या आणि आसपासच्या किल्ल्यांच्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो मोडला गेला आणि गडांचे लष्करी महत्त्व संपले. पिढ्यान्‌पिढ्या अंग कमावण्याची सवय लागलेल्या या मुलखाला पुढे लढाई उरली नाही, तालीम उरली. गावोगावच्या जत्रेतली कुस्ती चालूच होती: लहान पोरांच्या नारळावरच्या जोडीपासून सुरुवात, शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती, जिंकणाऱ्याच्या डोक्याला फेटा आणि हलगीच्या कडकडाटात मिरवणूक.

शाहू महाराज 1894 मध्ये राज्यावर आले. ते स्वतः धिप्पाड, तालमीत उतरणारे आणि मल्लांची पारख असणारे होते. संस्थानच्या खर्चाने त्यांनी पैलवान पोसले. भवानी मंडपातली मोतीबाग तालीम आणि पंचगंगेच्या बाजूची गंगावेश तालीम ही नावे पुढे देशभर गेली. पंजाबातले नामवंत मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले, इथल्या पोरांना त्यांच्याशी अंग लावता येऊ लागले. खुराक, वस्ताद आणि तोडीस तोड जोड या तीन गोष्टी मिळाल्या की पैलवान तयार होतो. दरबाराने तिन्हींची सोय केली. अडचण राहिली ती प्रेक्षकांची.

जत्रेतल्या मैदानात आखाड्याभोवती माणसांचे कडे उभे राहते. पुढच्या दोन-चार रांगांना कुस्ती दिसते, मागच्यांना पुढच्यांच्या पाठी. आणि जुनी निकाली कुस्ती काही मिनिटांत आटपत नसे. 1910 मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर पंजाबचा गामा आणि पोलंडचा स्तानिस्लाव झबिस्को यांची झुंज अडीच तासांहून जास्त चालली आणि तरीही निकाल लागला नाही. इतका वेळ टाचा उंचावून उभे राहणाऱ्या गर्दीत ढकलाढकली अटळ असते. त्यात वरचेवर ‘खाली बसा’चा ओरडा. बघणाऱ्याची सोय हा कुस्तीचाच एक भाग आहे हे ओळखणारा पहिला कोल्हापूरकर म्हणजे शाहू महाराज, असे म्हणायला हरकत नाही.

1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज इंग्लंडला गेले. राजाच्या आजारपणामुळे समारंभ जूनवरून ऑगस्टवर गेला. याच काळात, महाराज परदेशी असताना, मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध आदेश 26 जुलै रोजी कोल्हापुरात निघाला. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. युरोपच्या याच दौऱ्यात ते रोमला गेले आणि तिथे त्यांनी कलोसियम पाहिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले हे लंबगोल प्रेक्षागार, सुमारे 188 मीटर लांब आणि 156 मीटर रुंद, भग्न अवस्थेतही एक गोष्ट स्पष्ट सांगते: मधली जागा मोकळी ठेवून प्रेक्षक चढत्या पायऱ्यांवर गोल बसवले तर हजारो डोळ्यांना एकच झुंज दिसू शकते.

महाराजांनी कलोसियमची नक्कल केली असे सर्रास लिहिले जाते, ते अर्धेच खरे आहे. रोमन स्थापत्यकारांनी सपाट जमिनीवर दगडी कमानींचे मजले रचून प्रेक्षकांना उंच नेले. कोल्हापुरात तसे काही झाले नाही. इथे मातीलाच उतार दिला. कमानी नाहीत, मजले नाहीत, कोसळण्यासारखे काही नाही. प्रेक्षक जमिनीवरच मांडी घालून बसतो, फक्त ती जमीन मागे मागे उंचावत जाते. मधला हौदा असा ठेवला आहे की शेवटच्या ओळीतल्या माणसालाही पैलवानाचा पाय कुठे अडकला ते दिसावे. कल्पना रोमची, घडण मात्र शेतकऱ्याच्या ताल-बांधाची.

याच सुमारास ब्रिटनमधली फुटबॉल मैदाने नेमक्या याच प्रश्नाशी झगडत होती. 5 एप्रिल 1902 रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड सामना चालू असताना लोखंडी सांगाड्यावर उभारलेला लाकडी पायऱ्यांचा भाग गर्दीच्या भाराने खचला आणि 25 माणसे मेली. ते मैदान आर्चिबाल्ड लीच या स्थापत्यकाराने आखले होते. या अपघातानंतर असे सांगाडे मागे पडले, आणि मातीच्या भरावावर पायऱ्या बसवण्याची पद्धत ब्रिटनभर रुजली. 1906 मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानात गोलच्या मागे असाच प्रचंड भराव घालण्यात आला. बोअर युद्धात 1900 मध्ये ज्या टेकडीवर लिव्हरपूलकडची पुष्कळ पोरे पडली, त्या स्पायन कॉपचे नाव त्या भरावाला मिळाले आणि ‘द कॉप’ म्हणून ते आजही चालते. 1910 मध्ये सुरू झालेले मँचेस्टर युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्डही लीच यांचेच. या घडामोडींचा आणि महाराजांच्या योजनेचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण लिव्हरपूलचा कॉप आणि कोल्हापूरची खासबाग ही जवळपास एकाच काळातली, एकाच युक्तीची बांधकामे आहेत. फरक इतकाच की कॉपवर लोक उभे राहत आणि खासबागेत बसत.

खासबाग म्हणजे राजघराण्याची खासगी बाग. राजाच्या विरंगुळ्याची जागा रयतेच्या गर्दीसाठी खुली झाली, हा या मैदानाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल म्हणायचा. मैदानात 30,000 च्या आसपास माणसे आरामात बसतात. मोठ्या कुस्तीला याहून कितीतरी जास्त माणसे दाटीवाटीने बसल्याच्या आठवणी कोल्हापुरात घरोघरी सांगितल्या जातात, आणि त्या आकड्यांना दर पिढीत थोडी भर पडते. उद्घाटनाच्या मैदानात गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची जोड लागली. इमामबक्ष तेव्हा साधा पैलवान नव्हता. दोनच वर्षांपूर्वी त्याने लंडनमध्ये जॉन लेम या स्विस मल्लाला हरवले होते. म्हणजे युरोपने नुकताच पाहिलेला पैलवान कोल्हापूरच्या शेतकऱ्याला बाकावर न बसताही नीट दिसला.

मैदानाला लागूनच महाराजांनी नाट्यगृह बांधायला घेतले. 1913 मध्ये सुरू झालेले काम 1915 मध्ये पुरे झाले आणि त्याला पॅलेस थिएटर असे नाव पडले. पुढे ते संगीत रंगभूमीचे थोर गायक-नट, कोल्हापूरचेच केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. एका भिंतीच्या अलीकडे शड्डू, पलीकडे तंबोरा. रोममध्ये झुंजीचे मैदान आणि नाट्यगृह ही नगरीची दोन अंगे होती. कोल्हापुरात ती पाठीला पाठ लावून उभी राहिली. साठमारी, म्हणजे पिसाळलेल्या हत्तीला माणसांनी हुलकावण्या देत खेळवण्याचा जीवघेणा प्रकार, तिचीही जागा याच परिसरात होती. तिचे नाव त्या भागाला आजही आहे.

हौद्याची माती हा स्वतंत्र विषय आहे. पन्हाळा-जोतिबाच्या जांभ्याच्या माथ्यावर दिसते तशी तांबडी माती आणून ती चाळायची, खडा राहू द्यायचा नाही. मग त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळायची आणि रोज खोऱ्याने उकरून पुन्हा भुसभुशीत करायची. तेल आणि ताकाने माती मऊ राहते, पाठीवर पडलेल्याला लागत नाही. हळद खरचटलेल्या जागी कामाला येते. ओली झाली तर पाय रुतणार, कोरडी झाली तर धूळ डोळ्यांत जाणार. दोन पैलवान समोरासमोर आले की आधी मूठभर माती एकमेकांच्या अंगाला लावतात, कारण घामेजलेल्या अंगावर पकड बसत नाही. खडाखडी सुरू झाली की मैदान शांत होते. ढाक, घिस्सा, एकचाक, मोळी, कलाजंग: डाव कोणता पडला हे शेवटच्या रांगेतला म्हातारा शेजारच्याला पंचांच्या आधी सांगतो. असा जाणता प्रेक्षक तयार होण्यात मैदानाच्या उताराचा वाटा मोठा आहे. जे नीट दिसत नाही ते कळतही नाही.

1922 मध्ये शाहू महाराज गेले. त्यांच्यानंतरच्या राजाराम महाराजांच्या काळात मैदान चालू राहिले, पण कुस्तीचा खरा लोकाश्रयाचा काळ संस्थान विलीन झाल्यानंतर आला. 1949 मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात गेले, दरबाराचा आश्रय आटला आणि पैलवानाचा खुराक तिकीटबारीवर येऊन पडला. फाळणीने पंजाबची तालीम दोन देशांत वाटली गेली. गामा आणि इमामबक्ष पाकिस्तानात राहिले. तरीही पंजाबी मल्लांचे कोल्हापुराशी नाते तुटले नाही. गोगा, सादिक ही नावे पन्नास-साठच्या दशकात इथल्या पोराटोरांना पाठ होती आणि गणपतराव आंदळकर, मारुती माने यांच्याशी त्यांच्या कुस्त्या लागल्या की पन्हाळा, करवीर, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांतून बैलगाड्या आणि सायकली खासबागेच्या वाटेला लागत. 1959 मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, 1960 मध्ये आंदळकर. पुढे दादू चौगुले मोतीबागेतून आले आणि 1974 च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन परतले. सत्तरच्या दशकात युवराज पाटलांनी दिल्लीच्या सतपालला चित केले, ती कुस्ती पाहिलेली माणसे आजही तिचा प्रत्येक क्षण हातवारे करून सांगतात.

या वैभवाच्या पोटात एक उणीवही होती. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा मॅटवर खेळण्याचा सराव नसतानाही सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि परतल्यावर कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवून ते कर्ज फेडले. मातीने त्यांना घडवले आणि मातीनेच त्यांचे देणे भागवले. पण पदक मात्र मॅटवर मिळाले. माती की मॅट हा वाद त्यानंतर कोल्हापुरात कायमचा बसला. खासबाग मातीची राहिली. ऑलिंपिकच्या वाटेला लागलेला मल्ल तालमीत मातीत घाम गाळतो आणि स्पर्धेसाठी मॅटकडे जातो, अशी विभागणी झाली. मोठी मैदाने शहराबाहेरही भरू लागली. पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरला सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांच्या स्मरणार्थ भरणारे मैदान हे त्यांतले ठळक उदाहरण. खासबागेत वर्षातले बरेच दिवस शांतता असते. ती शांतता पाहून हळहळणारे पुष्कळ, तिकीट काढून येणारे त्यामानाने थोडे.

गर्दी मग गेली कुठे? फार लांब नाही. शेजारी गेली.

कोल्हापूर हे तळ्यांचे शहर होते. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर मंडई बसली, सिद्धाळ्याची बाग झाली. खासबागेजवळचे रावणेश्वराचे तळेही असेच बुजले आणि त्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. तळ्याच्या जागी मैदान होणे हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. दाट वस्तीत एवढी मोकळी, सलग जागा पाण्याखेरीज दुसऱ्या कशाने राखून ठेवली नव्हती.

फुटबॉल कोल्हापुरात संस्थानी काळातच आला. 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘केएसए’, स्थापन झाली आणि राजघराण्याचा आश्रय या खेळालाही मिळाला. पण खेळ रुजला तो तालमींमुळे. इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लब चर्च आणि कारखाने यांच्या आधाराने जन्मले. एव्हर्टन एका प्रार्थनामंदिराच्या मंडळातून निघाला, आर्सेनल वुलिचच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी 1886 मध्ये काढला, मँचेस्टर युनायटेडची सुरुवात 1878 मध्ये रेल्वे कामगारांच्या संघाने झाली. कोल्हापुरात ती जागा तालमीने घेतली. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम: संघांची नावे वाचली तर कुस्तीच्या मैदानाची जाहिरात वाटावी. प्रॅक्टिस क्लबसारखे एखादे इंग्रजी वळणाचे नाव या यादीत पाहुण्यासारखे दिसते. ज्या खोलीत लाल मातीचा हौदा, त्याच खोलीच्या कपाटात बूट आणि जर्सी. गणपतीची वर्गणी, शिवजयंतीची मिरवणूक, पंचगंगेच्या पुरात धावून जाणे आणि लीगचा सामना, हे सगळे एकाच मंडळाचे काम.

यातून अशी एक गोष्ट निघाली जी इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये नाही. तिथे प्रत्येक क्लबचे स्वतःचे घर असते. यजमान आणि पाहुणा हा भेद त्या खेळाच्या मुळाशी आहे. कोल्हापूरच्या वरिष्ठ गटातल्या 16 संघांचे घर मात्र एकच, शाहू स्टेडियम. बाहेरगावचा सामना नावाची गोष्ट नाही. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची जुनी ईर्षा असो की पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिसची झुंज, दोन्ही बाजूंची गर्दी आपापल्या गल्लीतून चालत एकाच दाराशी येते. खासबागेतही असेच होते: हौदा कुणाचा नसतो, उतरेल त्याचा असतो. हिवाळ्यात लीग सुरू होते, मागोमाग निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा, आणि उन्हाळ्याच्या झळा लागेपर्यंत पेठांच्या कट्ट्यांवर दुसरा विषय नसतो. विश्वचषकाच्या वर्षी तर गल्ल्यांवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे चढतात आणि मेस्सीचा फलक देवीच्या मांडवाशेजारी उभा राहतो.

एकाच घरात सगळे नांदायचे तर भांडणेही घरातच होणार. प्रेक्षकांची हुल्लडबाजी, मैदानात धावून येणे, सामन्यानंतर पेठांच्या तोंडावर होणारी दगडफेक हे कोल्हापूरच्या फुटबॉलचे जुने दुखणे आहे. त्यापायी सामने थांबले आहेत. इंग्लंडने या दुखण्याची किंमत फार मोठी मोजली. तिथे हुल्लडीच्या भीतीने मैदानांत लोखंडी जाळ्या आणि पिंजरे आले आणि 15 एप्रिल 1989 रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात त्याच जाळ्यांवर चिरडून लिव्हरपूलचे समर्थक गेले; मृतांचा आकडा अखेरीस 97 वर पोहोचला. गुन्हा गर्दीचा नव्हता, दारे आणि वाटा सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा होता, असे चौकश्यांत निष्पन्न झाले. त्यानंतर इंग्लंडच्या वरच्या स्तरावरच्या मैदानांत उभे राहून सामना पाहणे बंद झाले आणि अ‍ॅनफिल्डच्या कॉपवरही 1994 मध्ये खुर्च्या आल्या. बसून पाहण्याची जी शिस्त खासबागेने 1912 मध्ये उताराच्या जोरावर आणली, ती तिथे कायद्याने आणावी लागली.

शाहू स्टेडियमने पेठांबाहेरही खेळाडू दिले. 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा भारताकडून खेळला. भारताचा संघ फिफाच्या कोणत्याही विश्वचषक स्पर्धेत उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. ते सामने दिल्लीत झाले, पण कोल्हापुरात त्या रात्री पडदे लावून लोक रस्त्यावर बसले.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सागवानी लाकूड, पडदे आणि रंगमंच पेटायला वेळ लागला नाही. आगीने नाट्यगृह गिळले आणि पाठीमागच्या खासबाग मैदानातले व्यासपीठही जळाले. 1985 मध्ये इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड शहरात लाकडी प्रेक्षागाराला अशीच आग लागून सामना पाहायला आलेली 56 माणसे गेली होती. कोल्हापुरात त्या रात्री प्रयोग नव्हता, म्हणून जीवितहानी टळली. शहरातले कलावंत राखेसमोर उभे राहून रडले. नाट्यगृह जसे होते तसेच पुन्हा बांधायचे ठरले.

मैदानाचा उतार आणि हौदा मात्र आगीत शाबूत राहिला. मातीला काही झाले नाही. आणि पलीकडे, फुटबॉलची गर्दी ज्या दारातून आत शिरते त्याच्या शेजारी, बुजलेल्या तळ्याची राहिलेली एकमेव खूण म्हणून रावणेश्वराचे देऊळ उभे आहे.